उपटण्यापूर्वी ओळखावे

शेतात पेरलेली नसताना उगवलेली जी जी वनस्पती दृष्टीस पडेल, तिला सरसकट ‘तण’ या एकाच सदराखाली जमा करून तिच्यावर एकच इलाज चालविण्याची जी पद्धत अलीकडे रूढ होत चालली आहे, ती खर्चाच्या दृष्टीने महाग आणि जमिनीच्या दृष्टीने घातक आहे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. हरळीने व्यापलेल्या रानात पहिल्या पावसानंतर रोटाव्हेटर फिरविला म्हणजे वरून रान कसे मोकळे आणि साफ दिसते. परंतु त्या यंत्राच्या पात्यांनी जमिनीतील काशांचे चार-चार बोटांचे तुकडे करून ते सबंध वावरात पसरविलेले असतात, त्यांपैकी बहुतेकांवर एखाददुसरा डोळा शाबूत असतो, आणि ओलीत पडलेला तो डोळा फुटला म्हणजे पूर्वी जेथे हरळीचे दोन-चार पट्टे होते तेथे थोड्याच दिवसांत रानभर कोंब दिसू लागतात. याच यंत्राने, याच दिवशी, कोवळ्या माठाचा अथवा टाकळ्याचा मात्र पुरता निकाल लागला असता. सबब तणाचा बंदोबस्त करू इच्छिणाऱ्याने हत्यार उचलण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी, ती ही की, समोर दिसणारे हे तण पुढील हंगामासाठी आपला वारस कोठे ठेवून जाणार आहे : बियांत, काशीत, गाठीत, तुटलेल्या कांड्यात, की दुसऱ्या झाडाच्या मुळाशी? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की उपायाची दिशा आणि त्याची वेळ ही दोन्ही बहुतांशी आपोआप ठरतात; आणि ते न मिळविता केलेला खर्च पुष्कळदा तणाच्याच उपयोगी पडतो.

या चौकशीसाठी फार लांब जावे लागत नाही. ज्या कामाला विदर्भ-खानदेशात निंदण, कोल्हापूर-साताऱ्याकडे भांगलण आणि कोकणात बेणणी म्हणतात, ते काम पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हातून होत आले त्या स्त्रियांना तणांची जितकी सूक्ष्म ओळख असते, तितकी शेतमालकाला क्वचितच असते. कोणत्या रोपाचे मूळ सरळ निघते आणि कोणते अर्धे तुटून राहते, कुर्डू आणि टाकळा भाजीसाठी केव्हा खुडावा, घोळ कोठे टाकली असता पुन्हा धरते, हे ज्ञान त्यांच्या बोटांत असते, पण त्याची नोंद कोणाच्याही दप्तरी नसते. शेतमालकाने निंदणीच्या दिवशी बांधावर उभे न राहता ओळीओळीने त्यांच्याबरोबर चालावे, नावे विचारून घ्यावीत, आणि अनोळखी रोप आढळल्यास ते वरच्यावर न ओढता खुरप्याने समूळ काढून, माती धुऊन, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावे. कागदाच्या कोपऱ्यावर तारीख, गट नंबर आणि पीक लिहून ठेवावे. असा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, अथवा राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठांत दाखविता येतो. पाने-फुले-मुळे यांपैकी काहीच नसलेला सुकलेला चोथा मात्र तज्ज्ञालाही निरुत्तर करतो.

ओळखीची पहिली पायरी म्हणजे तणांची तीन कुळे निराळी करणे : गवताची, लव्हाळ्याची आणि रुंद पानांची. रुंद पानाचे तण बहुधा चटकन कळते. घोटाळा होतो तो गवत आणि लव्हाळा यांच्यात, कारण दोहोंची पाने लांबट आणि चिंचोळी असतात. येथे डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक विसंबावे. लव्हाळ्याचा फुलदांडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून फिरविला तर त्याच्या तीन धारा स्पष्ट लागतात, आणि पाने तीन दिशांनी तीन रांगांत निघालेली दिसतात. गवताची काडी बहुधा गोल किंवा किंचित चपटी असून तिच्यावर पेरे असतात आणि पाने दोनच रांगांत निघतात. ही परीक्षा क्षणाची आहे, परंतु तिच्यावर पुढील पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात, कारण गवतांसाठी म्हणून विकत घेतलेले औषध लव्हाळ्यावर फवारून काही उपयोग होत नाही.

याहून नाजूक परीक्षा भातखाचरात करावी लागते. भाताबरोबर उगवणारे सावावर्गीय तण, ज्याला कोकणात पुष्कळ ठिकाणी पाखड म्हणतात, ते बालवयात भाताशी इतके मिळतेजुळते असते की रोप काढताना ते भाताच्याच जुडीत बांधले जाते आणि मालकाच्याच हातांनी खाचरात लावले जाते. अशा वेळी रोप हातात घेऊन, पान जेथे खोडाला वेटाळून असलेल्या आवरणातून बाहेर वळते, तो सांधा हळूच मागे वाकवून पाहावा. भाताच्या रोपात त्या सांध्याशी पातळ, पांढुरकी, टोकदार जिभली उभी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना केसाळ, कानासारखी दोन लहान उपांगे असतात. पाखडाच्या सांध्याशी यांपैकी काहीही नसून तो अगदी गुळगुळीत आणि उघडा असतो. एकदा ही खूण ध्यानात बसली की रोपवाटिकेतच निवड करता येते. कोकणात आणि मावळात रोपवाटिकेच्या जागी पाला, गवत व शेण पसरून राब भाजण्याची जी जुनी वहिवाट आहे, तिचा एक हेतू वरच्या थरातील तणाचे बी जाळून टाकणे हाच आहे. राबासाठी होणारी वृक्षतोड निश्चितच चिंतेची बाब आहे, आणि म्हणून जेथे शक्य असेल तेथे गादीवाफे करून हाताने काळजीपूर्वक बेणणी करणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. परंतु त्या प्रथेमागील हेतू समजून न घेता तिला केवळ अज्ञान म्हणून हिणविणे अन्यायाचे आहे.

आता वारसाच्या प्रश्नाकडे वळू. माठ, टाकळा, कुर्डू, पेटारी, दुधी, शिप्पी, सावा ही आणि अशी बहुसंख्य खरीप तणे वर्षायू असतात. त्यांचा सगळा वारसा बियांत असतो, आणि जमिनीत साठलेले बी एका हंगामात संपत नाही. विल्यम बील नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 साली मिशिगन येथे वाळूत मिसळलेले तणांचे बी वीस बाटल्यांत भरून पुरून ठेवले, आणि 2021 साली, म्हणजे 142 वर्षांनी, त्यांपैकी एक बाटली उकरून काढली तेव्हाही तिच्यातील काही बिया रुजल्या. आपल्या शेतातील प्रत्येक बी असे दीर्घायुषी नसते. तथापि निसर्गाने या वनस्पतींना किती दूरदृष्टीची तजवीज करून दिली आहे, हे त्यावरून ध्यानात येते. आपल्याकडील शंकेश्वराचे काटेरी फळ, जे गुरांच्या शेपटीला आणि धोतराच्या काठाला चिकटून गावोगाव जाते, ते चिरून पाहिल्यास आत दोन बिया आढळतात. त्यांपैकी एक बहुधा पहिल्या अनुकूल हंगामात रुजते आणि दुसरी मागे राहून पुढच्या एखाद्या हंगामाची वाट पाहते. म्हणूनच यंदा शंकेश्वर समूळ उपटले तरी ते पुढील साली पुन्हा दिसते, आणि उपटणारा उगाच निराश होतो. दोन-तीन वर्षे सातत्याने फळ धरण्यापूर्वी ते काढले, तर त्याचा जोर निश्चित ओसरतो.

बियांवर जगणाऱ्या तणांना फसविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग जुन्या शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. पहिला चांगला पाऊस झाल्यावर तिफण जुंपण्याची घाई न करता तणाचा पहिला उगवा होऊ द्यावा, आणि ती रोपे दोन-चार पानांवर असताना उथळ वखराची पाळी देऊन, मगच पेरणी करावी. येथे ‘उथळ’ या शब्दाला फार महत्त्व आहे, कारण बहुतेक लहान बिया जमिनीच्या वरच्या दोन-तीन बोटांतूनच उगवतात, आणि खोल मशागतीने खाली दडलेले नवे बी वर आणले की सारा डाव फुकट जातो. पावसाचा भरवसा नसलेल्या भागात पेरणी लांबविणे परवडत नाही, हे मला मान्य आहे. तेथे हा उपाय सगळ्या रानात न करता, ज्या तुकड्यात मागील साली तणाचा विशेष उपद्रव झाला होता तेवढ्यापुरता तरी करून पाहावा. कांदा, मिरची, टोमॅटो यांच्या रोपवाटिकेसाठी आणखी एक उपाय आहे : एप्रिल-मेच्या उन्हात वाफे भिजवून त्यांवर पारदर्शक पातळ प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवावा आणि त्याच्या कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा, आतील उष्णतेने वर्षायू तणांचे पुष्कळसे बी नष्ट होते. काळा कागद या कामी तितका उपयोगी नाही. शेणखताविषयीही दक्षता हवी, कारण गुरांच्या पोटातून गेलेले कित्येक तणांचे बी जिवंतच बाहेर पडते, आणि अर्धवट कुजलेले खत गाडीगाडीने शेतात टाकणे म्हणजे मजुरी देऊन तण पेरून घेणे होय. उकिरड्यातले खत चांगले तापून, कुजून, मातकट होईतो थांबण्याखेरीज याला पर्याय नाही.

तण आणि पीक यांच्यातील झगडा सर्व काळ सारख्या तीव्रतेचा नसतो. प्रत्येक पिकाच्या आयुष्यात एक अशी मुदत असते की त्या काळात रान स्वच्छ राहिले तर पुढे उगवणारे तण फारसे नुकसान करू शकत नाही, आणि त्या काळात हयगय झाली तर नंतर केलेली कितीही निंदणी गेलेले उत्पन्न परत आणीत नाही. सोयाबीन आणि ज्वारी यांच्या बाबतीत ही मुदत ढोबळमानाने पंधराव्या दिवसापासून पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत, लावणीच्या भातात लावणीनंतर विसाव्यापासून चाळिसाव्या दिवसापर्यंत, तर कपाशीत सुमारे साठ दिवसांपर्यंत धरतात. ऊस उगवायलाच महिना घेतो आणि त्याच्या सऱ्या रुंद असतात, म्हणून त्याला पहिले तीन ते चार महिने जपावे लागते. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरून ठेवल्यास हे काम पुष्कळ हलके होते. कांद्याची गोष्ट विशेष आहे. त्याची पात उभी आणि पोकळ असल्याने तो जमिनीवर कधीच दाट सावली धरीत नाही, त्याची वाढ मंद असते, मुळे उथळ असतात. एवंच स्वतःच्या बळावर तणाला दाबून टाकण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नाही, आणि म्हणून कांदा लावणाराने खुरपणीच्या मजुरीची तरतूद लागवडीच्या खर्चातच धरली पाहिजे. सोयाबीनमध्ये पहिली कोळपणी पंधरा ते वीस दिवसांनी आणि दुसरी तिसाव्या दिवसाच्या आसपास करावी, वापसा पाहून करावी, आणि पीक फुलावर आले की कोळपे बंद ठेवावे, कारण त्या वेळी मुळ्या तुटल्याने होणारे नुकसान तणाच्या नुकसानीहून कमी नसते.

काशा आणि गाठी यांच्यावर जगणाऱ्या तणांशी व्यवहार करताना वरील सारा हिशेब बदलतो. लव्हाळ्याचे रोप हाताने ओढले तर पाने हातात येतात आणि गाठ जमिनीतच राहते. तेच रोप ओल्या मातीत कुदळीने सावकाश उकरले तर असे दिसते की, एका गाठीपासून सुतासारखा धागा निघून दुसऱ्या गाठीला, तिच्यापासून तिसरीला गेलेला असतो. या मालिकेतील टोकाची गाठ जिवंत आहे तोवर मधल्या बहुतेक गाठी झोपलेल्या असतात, आणि खुरप्याने धागा तुटताच त्या जाग्या होऊन एकाच्या जागी अनेक कोंब वर येतात. जगातील अतिशय उपद्रवी तणांत लव्हाळ्याची गणना अग्रभागी होते, ती याच गुणामुळे. परंतु या गाठींचे एक मर्मस्थान आहे : त्यांना सुकणे सोसत नाही. बहुतेक गाठी वरच्या एक वीतभर थरात असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये रान रिकामे होताच नांगरट करून, ढेकळे उलटी करून, मेअखेरपर्यंत दोन-तीनदा कुळवाच्या पाळ्या देऊन त्या गाठी उन्हात उघड्या पाडल्या तर त्यांपैकी मोठा भाग करपून मरतो. या सबंध अवधीत त्या रानाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. उन्हाळी भुईमूग किंवा भाजीपाला घेण्याचा मोह त्या वर्षापुरता आवरावा लागतो, आणि बागायतदारांच्या रानात लव्हाळा हटत नाही याचे मुख्य कारण मला हेच दिसते की त्यांच्या जमिनीला विसावाच मिळत नाही.

हरळी आणि कुंदा यांनाही उन्हाळ्याचीच नांगरट लागू पडते, मात्र ती खोल असावी लागते. काळ्या भारी जमिनीतील कुंद्याच्या मुळ्या लाकडी नांगराच्या आवाक्याबाहेर जात. विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला आणि असली रानेही खोलवर उलटता येऊ लागली. नांगरट झाल्यावर वर आलेल्या काशा हाताने वेचून बांधाबाहेर नेऊन वाळवणे हे काम कंटाळवाणे असले तरी त्याला तोड नाही. हरळीच्या स्वभावातील आणखी एक गोष्ट उपयोगी पडते : तिला सावली सहन होत नाही. वेचणीनंतरच्या खरिपात त्या तुकड्यात दाट ताग पेरला, अथवा वैरणीसाठी ज्वारी दाट धरली, तर उरलेल्या काशांतून फुटणारे कोंब सावलीखाली पिवळे पडून क्षीण होतात, आणि तागाचे हिरवळीचे खत जमिनीला मिळते ते वेगळेच.

केन्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण सोयाबीनच्या पट्ट्यात गेली कित्येक वर्षे त्याचाच बोलबाला आहे आणि त्याच्या करामती पुष्कळांना माहीत नाहीत. निळ्या नाजूक पाकळ्यांचे, रसदार कांड्यांचे, आणि पानाच्या आवरणाच्या तोंडाशी तांबूस केस असलेले हे तण वरवर अगदी निरुपद्रवी दिसते. पण ते समूळ उपटून पाण्याखाली धुतल्यास त्याच्या बुडाशी, मातीच्या आत, पांढुरक्या लहान शाखांना लागलेल्या बंद कळ्या दिसतात. त्या कधीच उमलत नाहीत, जमिनीखालीच त्यांत फलधारणा होते आणि तेथल्या तेथे बी पडते. म्हणजे वरची निळी फुले विळ्याने कापून काढणाऱ्याने अर्धाच वारसा नष्ट केलेला असतो. त्यात आणखी, तोडून ओल्या जमिनीवर टाकलेल्या केन्याच्या पेऱ्याला मुळ्या फुटतात, आणि श्रावणातल्या झिमझिम पावसात काढून ओळीत टाकलेला केना आठवड्याभरात पुन्हा मान वर करतो. तणनाशकेही त्याला इतर तणांच्या मानाने कमी लागू पडतात. यासाठी केना कोवळा असताना, मुळासकट, शक्यतो उघडीप पाहून काढावा आणि टोपलीत भरून शेताबाहेर न्यावा. गुरे तो आवडीने खातात. हाच नियम घोळीला लावावा. तिची पाने आणि खोड इतके पाणी धरून असतात की उपटल्यावरही ती कित्येक दिवस जिवंत राहते आणि तेवढ्या अवधीत तिच्या बोंडांतील बी पक्व होऊन गळते. भाजीसाठी ती कोवळेपणीच घरी गेली, तर दोन्ही कामे साधतात.

सर्वांत कपटी वर्ग म्हणजे परोपजीवी तणांचा. ज्वारीच्या आणि काही भागांत उसाच्या शेतात येणारा टारफुला, तंबाखू-वांगी-टोमॅटोच्या मुळांवर वाढणारा बंबाखू, आणि लसूणघासावर पिवळ्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखी पसरणारी अमरवेल ही त्याची परिचित उदाहरणे होत. टारफुल्याचे बी धुळीइतके बारीक असते, एका झाडाला हजारोंनी लागते, आणि पोषक पीक मिळेपर्यंत जमिनीत वर्षानुवर्षे सुप्त पडून राहू शकते. ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या विशिष्ट द्रव्याचा स्पर्श झाल्याखेरीज ते रुजतच नाही. रुजल्यावर ते मुळाला चिकटून जमिनीखालीच आठवडेच्या आठवडे ज्वारीचा रस शोषीत राहते, त्यामुळे पुरेशी ओल असूनही ताटे दुपारी माना टाकतात, पाने पिवळी पडतात, आणि शेतकरी ती पाण्याची अथवा किडीची तक्रार समजून भलताच इलाज करतो. पांढऱ्या फुलांची ती वीतभर झाडे जमिनीवर दिसू लागतात तेव्हा मुख्य नुकसान होऊन चुकलेले असते. तरीसुद्धा ती फुलण्यापूर्वी उपटून जाळणे अत्यावश्यक आहे, ते यंदाच्या पिकासाठी नसले तरी पुढील अनेक सालांसाठी आहे. याच्या जोडीला फेरपालट हवा. कपाशी, भुईमूग, चवळी, सूर्यफूल या पिकांच्या मुळांतूनही टारफुल्याला जागे करणारे द्रव्य पाझरते, पण ती मुळे त्याला पोसत नाहीत. म्हणून जागे झालेले बी आधाराअभावी मरून जाते. दुबळ्या, खतावाचून राहिलेल्या जमिनीत टारफुल्याचा जोर अधिक दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. अमरवेलीचा प्रवेश बहुधा घासाच्या बियाण्यातून होतो. बी चाळून घेणे आणि पहिला गुंता दिसताच आजूबाजूच्या हातभर घासासकट तो कापून जाळणे, एवढे वेळीच केले तर संकट टळते.

तणनाशकांचा मी विरोधक नाही. ऐन जुलैत सगळ्या गावाची निंदणी एकाच वेळी येते, मजूर मिळत नाहीत, पाऊस उसंत देत नाही, आणि अशा वेळी योग्य औषध योग्य मात्रेत वापरणारा शेतकरी काही पाप करीत नाही. माझी तक्रार आहे ती अंदाजाने, झाकणाच्या मापाने केल्या जाणाऱ्या फवारणीविषयी. मात्रा ठरविण्याची एक सोपी रीत प्रत्येकाने आपल्या पंपासाठी एकदा तरी करून पाहावी. रानात एक गुंठा, म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद जागा, खुंट्या रोवून आखावी. पंपात मोजून साधे पाणी भरावे आणि नेहमीच्या चालीने तेवढी जागा फवारून किती पाणी लागले ते पाहावे. समजा, 5 लिटर लागले, तर 40 गुंठ्यांच्या एकराला 200 लिटर लागतील. सोयाबीनमध्ये उगवणीनंतर वापरले जाणारे इमॅझेथापायर 10 टक्के हे औषध लेबलानुसार हेक्टरी 1 लिटर, म्हणजे एकरी 400 मिलिलिटर लागते. तेव्हा आपल्या पंपाच्या हिशेबाने लिटरमागे 2 मिलिलिटर, आणि 15 लिटरच्या टाकीला 30 मिलिलिटर अशी मात्रा निघते. शेजाऱ्याची चाल वेगळी, पंप वेगळा, नोझल वेगळे. त्याची मात्रा उसनी घेऊ नये. तणनाशकासाठी पंख्यासारखा सपाट फवारा देणारे नोझल वापरावे, आणि शक्य असल्यास पंपच निराळा ठेवावा. टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, किंवा वाऱ्यावर त्याचे तुषार शेजारच्या कपाशीवर अथवा द्राक्षबागेवर गेले, तर कोवळी पाने आकसून चिंचोळी होतात आणि पीक हातचे जाते.

उगवणीपूर्वीचे औषध पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, जमिनीत ओल असताना, फवारणाऱ्याने मागे-मागे सरत, फवारलेल्या जागेवर पाय न देता मारावे. उगवणीनंतरचे औषध तण दोन ते चार पानांचे असतानाच लागू पडते. गुडघाभर वाढलेल्या तणावर दुप्पट मात्रा मारल्याने तण मरत नाही, खिसा मात्र रिकामा होतो. इमॅझेथापायरसारख्या औषधांचा अंश जमिनीत काही काळ टिकतो, म्हणून रब्बीत काय घ्यावयाचे ते आधी ठरवून, त्या पिकाविषयी लेबलावरील सूचना वाचूनच औषध निवडावे. दरसाल एकच औषध वापरण्याचा परिणाम काय होतो, याचा दाखला पंजाब-हरियाणातील गव्हाच्या रानांनी दिला आहे. तिकडे गुल्लीडंडा अथवा मंडूसी म्हणून ओळखले जाणारे, गव्हासारखेच दिसणारे, पण कोवळेपणी बुडाशी लालसर असलेले एक गवत आयसोप्रोट्युरॉन या औषधाने वर्षानुवर्षे मारले गेले; आणि 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्या औषधाला न जुमानणारे गुल्लीडंड्याचे वाण शेतोशेती आढळू लागले. म्हणून औषधाचा गट आलटून-पालटून वापरावा, आणि कोळपे घरातून कधीच हद्दपार करू नये. फवारणाऱ्याच्या जिवाची काळजी तर सर्वांत आधी. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जे बळी गेले, ते विसरता येण्यासारखे नाहीत. पॅराक्वॉटसारख्या तणनाशकावर तर उतारा म्हणून कोणतेही औषध उपलब्ध नाही. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडावर मास्क, वाऱ्याच्या दिशेचे भान, उपाशीपोटी फवारणी न करणे, आणि मोकळी बाटली मोडून-तोडून टाकणे, पण ती पाण्याच्या भांड्यासाठी कधीही न वापरणे, या गोष्टी मजूर लावणाऱ्या मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर पाळून घ्याव्यात.

शेताच्या आत एवढा बंदोबस्त केला तरी बांध, पाट, रस्ता आणि गायरान यांच्याकडे पाठ फिरविली तर पुढील साली पाहुणे तेथूनच येणार. गाजरगवताची गोष्ट या दृष्टीने बोधप्रद आहे. 1955 च्या सुमारास पुण्यात ज्याची पहिल्यांदा दखल घेतली गेली, ते परदेशातून बहुधा धान्याबरोबर आलेले हे तण आज देशभर पसरले आहे. एकेक झाड हजारो हलक्या बिया तयार करते आणि ओल मिळाली की वर्षातून अनेक पिढ्या काढते. त्याच्या परागांनी दमा आणि स्पर्शाने त्वचारोग होतो, म्हणून ते उघड्या हातांनी मुळीच उपटू नये. उपटण्याची वेळ पावसाळ्यात, जमीन ओली असताना आणि फूल येण्यापूर्वीची. त्या वेळी त्याचे कंपोस्टही करता येते, फुलल्यावर मात्र नाही. पडीक जागेत टाकळ्याचे बी उन्हाळ्याच्या अखेरीस फोकून द्यावे. त्याच्या दाट वाढीखाली गाजरगवत हटते. मेक्सिकोतून आणून 1984 साली बंगळूरच्या परिसरात सोडलेले झायगोग्रामा जातीचे भुंगेरे, दुधी रंगाच्या पाठीवर तपकिरी रेघा असलेले, आता आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी पावसाळ्यात गाजरगवताची पाने खाताना दिसतात. ते आढळल्यास तेथे औषध फवारू नये. सकाळी गोळा करून, छिद्रे पाडलेल्या डब्यातून, जेथे ते नाहीत अशा पडीक जागी नेऊन सोडावेत. थंडीत ते जमिनीत जाऊन निजतात, म्हणून त्यांच्या वस्तीची जागा तेवढ्या काळात नांगरू नये.

भाद्रपदात पीक दाटले, कोळपे थांबले, की बहुतेकांचे लक्ष तणावरून उडते. वस्तुतः त्याच वेळी शेतात एक फेरी करणे अगत्याचे असते, कारण पिकाच्या वर डोके काढून उभे असलेले दोन-चार कुर्डू, एखादे शंकेश्वर, कोपऱ्यातला पिकू लागलेला माठ यांची संख्या अल्प असली तरी पुढील साली निंदणीला किती मजूर लागतील ते तीच ठरविणार असतात. ही झाडे विळ्याने कापून तेथेच न टाकता पोत्यात भरून न्यावीत. सोयाबीनच्या सोंगणीनंतर मळणीयंत्र येते ते दुसऱ्याच्या रानातून, दुसऱ्याचे तण पोटात घेऊन येते. खळ्यावर लागण्यापूर्वी ते शेताबाहेर रिकामे चालवून झाडून घ्यावे, आणि पहिल्या काही मिनिटांत निघालेला भुसा व चाळणीखालचा बारीक माल वेगळा काढावा. तो गुरांच्या गव्हाणीत टाकू नये, कारण तेथून तो उकिरड्यात आणि उकिरड्यातून पुन्हा शेतात जातो. बियाण्यासाठी ठेवावयाचे सोयाबीन या पहिल्या मालातून कधीही भरू नये. ते मधल्या मळणीचे घेऊन, चाळून, गट नंबर आणि वर्ष लिहिलेल्या निराळ्या पोत्यात ठेवावे.